पहिला नंबर, पण कुठल्या शोधाला?

पत्राचा सारांश: दादर पश्चिमेला एका वाचक ताईंचं शिवलेल्या नऊवारीचं छोटं दुकान आहे. सासूबाईंनी घरात एका मशीनवर सुरू केलेलं काम आता एका गाळ्यात, तीन कारागिरांच्या हातांवर चालतं. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाला २८ हजार रुपये देऊन त्यांनी वेबसाइट करून घेतली. पण गूगलवर ‘नऊवारी’ शोधलं तर ती कुठेच दिसत नाही. दुकानाचं नाव टाकलं तरी त्याच नावाचं पुण्यातलं दुकान वर येतं. आता एका एजन्सीचा फोन आला आहे: महिना १८ हजार, वर्षभराचा करार, ३० दिवसांत ‘पहिल्या पानावर पहिला नंबर’, ५०० बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे), आणि ‘सोयीसाठी’ डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, त्यांच्या खात्यात. सवलत महिनाअखेरपर्यंत. यजमान म्हणतात, साइट बंद करून टाक. मुलगी म्हणते, इन्स्टाग्राम पुरे. ताई विचारतात, पैसे भरू की नाद सोडू? आणि हे मला शिकता येण्यासारखं आहे का?

ताई, नमस्कार.

आधी घाईचं बोलू, मग शिकण्याचं. महिनाअखेरच्या आत सही करायची काही गरज नाही. अशी सवलत पुढच्या महिन्यातही असते, आणि दिवाळीत तर आणखी गोड होऊन येते. तोवर एक हिशोब करा, गल्ल्यावर बसून रोज करता तसाच. महिना १८ हजार म्हणजे वर्षाचे २ लाख १६ हजार. तुम्ही लिहिलंय की मजुरी, भाडं, सामान जाऊन एका नऊवारीमागे हातात ६०० रुपये उरतात. म्हणजे एजन्सीचा खर्च नुसता भरून निघायला वर्षाला ३६० नऊवाऱ्या जास्तीच्या विकायला हव्यात. जवळजवळ रोज एक. तीन कारागिरांकडून तेवढं शिवून होईल? होत असेल तर माझी ना नाही. पण हा प्रश्न एजन्सीने तुम्हाला विचारलाच नाही, हे मला खटकलं.

आता तो पहिला नंबर. ऐकलं की वाटतं, गूगलकडे सगळ्या दुकानांची एकच मोठी यादी आहे आणि तिच्यात आपण कुठेतरी तळाला पडलोय. तशी यादी नसते. प्रत्येक शोधाला नवी यादी तयार होते, आणि दुकानांच्या बाबतीत शोधणारी व्यक्ती कुठे आहे यावरही ती बदलते. जवळपासची ठिकाणं दाखवताना मुख्यतः तीन गोष्टी पाहतो, असं गूगल स्वतःच सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध किती, अंतर किती, आणि दुकान किती नावाजलेलं. बोरिवलीच्या बाईने घरी बसून ‘नऊवारी शिवून मिळेल’ असं टाकलं तर तिला आधी बोरिवली-कांदिवलीची दुकानं दिसणार. तीच बाई दादर स्टेशनच्या पुलावर उभी राहून शोधेल तर चित्र वेगळं. तेव्हा पहिला नंबर विकणाऱ्याला विचारायचं: कुठल्या शब्दांना? कुठून शोधल्यावर? नकाशात की खालच्या यादीत? बरेच जण दुकानाच्या पूर्ण नावाला पहिला नंबर आणून दाखवतात आणि बिल लावतात. ते काम शीर्षक नीट लिहिलं तर बहुतेक वेळा आपोआप होतं, त्याबद्दल पुढे सांगते.

एसईओवाला, म्हणजे साइट शोधात वर आणून देणारा माणूस, नेमण्याआधी काय पाहावं, याबद्दल गूगलने लिहिलेली एक सूचना आहे. तिच्यात साफ म्हटलंय की पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही. पैसे घेऊन गूगलवाले साध्या निकालांत कोणाला वर चढवत नाहीत. जाहिरातींची जागा वेगळी असते आणि ती जाहिरात आहे असं तिथे लिहिलेलं असतं.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: साइट आहे, म्हणजे ती गूगलला माहीत असणारच. तसं नसतं. गूगलबॉट नावाचा प्रोग्राम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पानं उघडतो आणि वाचतो. वाचलेलं पान नोंदीत घ्यायचं की नाही, हे नंतर ठरतं. आणि कोणी काही शोधलं की या नोंदींतून निवड होते. पहिल्या दोन पायऱ्यांवरच पान अडकलं असेल तर नंबराची गोष्ट काढण्यातच अर्थ नाही. हे तपासायला दमडी लागत नाही. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ लिहा, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून तुमच्या वेबसाइटचा पत्ता. गूगलला तुमची कोणती पानं माहीत आहेत, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मी करून पाहिलं. तुमच्या साइटवर ११ पानं आहेत. दिसली २, पहिलं आणि संपर्काचं.

मग साइट उघडली. दिसायला छान आहे हो. पण पहिलं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, तर त्यावर ‘नऊवारी’ हा शब्द अक्षरांत एकदाही नाही! लोगोत आहे, फोटोवर छापलेला आहे. अक्षरांत आहे ते इंग्रजीतलं ‘दर्जेदार पारंपरिक वस्त्रप्रावरणांचे अग्रगण्य पुरवठादार’ अशा थाटाचं काहीतरी, जे उद्या एखाद्या शेरवानीवाल्याच्या साइटवर चिकटवलं तरी खपून जाईल. फोटोतली अक्षरं गूगल थोडीफार ओळखतं, पण त्या भरवशावर धंदा ठेवू नये. दरपत्रकही फोटोच आहे. फोन नंबर तर फोटोत असल्यामुळे गिऱ्हाइकाला त्यावर बोट ठेवून फोनही लावता येत नाही, गूगलचं सोडाच.

दुसरं, शीर्षक. ब्राउझरच्या टॅबवर आणि गूगलच्या निकालात मोठ्या अक्षरांत दिसते ती ओळ. तुमच्या अकराच्या अकरा पानांवर ती इंग्रजीत नुसती ‘होम’ अशी आहे. दुकानावर ‘दुकान’ एवढीच पाटी लावावी तसं हे झालं. पहिल्या पानाला ‘शिवलेली नऊवारी, दादर पश्चिम’ आणि पुढे दुकानाचं नाव, पेशवाईच्या पानाला ‘पेशवाई नऊवारी: प्रकार, दर, मापं’ आणि पुढे नाव, असं प्रत्येक पानाचं स्वतःचं शीर्षक हवं. पुण्याच्या दुकानाने तुमच्यावर काही करणी केलेली नाही. त्यांच्या शीर्षकात दुकानाचं नाव आहे, तुमच्यात नाही, एवढंच. शीर्षकाखाली दोन ओळींचा गोषवारा देता येतो. त्याने नंबर वाढत नाही, पण तो निकालात दिसला तर वाचून बोट ठेवायचं की नाही हे माणूस ठरवतो, म्हणून तोही स्वतः लिहा.

तिसरी गोष्ट थोडी तांत्रिक, पण खरी मेख तिथेच आहे. तुमच्या मेनूतली बटणं अशी बनवली आहेत की माणसाने बोट लावलं तरच पुढचं पान उघडतं. गूगलबॉट बोट लावत नाही. तो साधा दुवा शोधतो, आणि तो तिथे नाहीच. म्हणून बाकीची नऊ पानं त्याने कधी पाहिलीच नसावीत. मेनूत साधे दुवे टाकून घ्या आणि सगळ्या पानांची यादी असलेली साइटमॅपची फाइल बनवून घ्या. करणाऱ्याला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. (इतर वाचकांसाठी: साइटची सगळीच पानं गायब असतील आणि ती वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावर केलेली असेल, तर त्यात ‘रीडिंग’च्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा. साइट बनवताना गूगलला ‘अजून येऊ नको’ सांगणारी एक खूण तिथे करतात आणि काम झाल्यावर ती काढायची राहून जाते.)

मोजमापांचं पत्रक पीडीएफमध्ये दिलंय, ते बहुधा तुमच्या छपाईवाल्याने करून दिलं असावं. त्यातली एक ओळ कॉपी करून स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर चिकटवून बघा. मी चिकटवली तर अगम्य रोमन अक्षरांची खिचडी आली. जुने मराठी फाँट असेच असतात: पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं. गूगल आतलं वाचतं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीत, पुन्हा टाइप करून सरळ पानावरच ठेवा. मराठीतल्या कितीतरी संस्थांचे अहवाल आणि दिवाळी अंकांच्या जाहिराती याच एका कारणाने कोणाला सापडत नाहीत, आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

फोटो कॅमेऱ्यातून काढले तसेच चढवलेत, एकेक सहा-सात एमबीचा. लोकलमध्ये उभं राहून, माटुंगा ते दादर एवढ्या वेळात तुमची साइट उघडणारी मुलगी वाट बघणार नाही. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. पेजस्पीड इनसाइट्स नावाच्या त्यांच्याच मोफत साधनात पत्ता टाकला की आकडा कळतो. फोटो लहान केले की तुमचं बहुतेक काम भागेल. आणि गूगल आता साइटचं मोबाइलवरचंच रूप वाचतं, तेव्हा लॅपटॉपवर छान दिसते यावर समाधान मानू नका.

ज्या मुलाने साइट केली त्याला फार बोलू नका. साइट सुंदर दिसावी हे त्याला सांगितलं होतं, ती सापडावी हे कोणी सांगितलं नव्हतं.

इथपर्यंतची दुरुस्ती एकदाच करायची आणि ती कोणाकडूनही पैसे देऊन करून घेता येईल. आता जे सांगणार आहे ते मात्र फक्त तुम्हालाच जमेल, आणि एजन्सीच्या तीन पानी प्रस्तावात त्याचा उल्लेखही नाही.

उद्यापासून गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. फोनवर, व्हॉट्सॲपवर, दुकानाच्या पायरीवर बायका जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. माझी साडी आणून दिली तर शिवून द्याल का? सहावारीची नऊवारी होते का? पेशवाई आणि मस्तानीत फरक काय? नवरीसाठी कुठली, करवलीसाठी कुठली? सहा वर्षांच्या मुलीला पुढच्या वर्षी होईल अशी मिळेल का? पोट जास्त आहे, काष्टा नीट बसेल का? नेसल्यावर बाथरूमला जाता येतं का? हसू नका, हा शेवटचा प्रश्न दुकानात कुजबुजत विचारतात आणि गूगलला बिनधास्त विचारतात. या वहीतला एकेक प्रश्न म्हणजे तुमच्या साइटवरचा एकेक परिच्छेद, आणि मोठा असेल तर एकेक पान.

आणि उत्तर काउंटरवर देता तसंच द्या. उदाहरणार्थ, ‘तुमची साडी आणून दिलीत तर पाच दिवसांत शिवून मिळते. लग्नसराईत आणि पाडव्याच्या आधी दहा दिवस धरा. मापं तीन लागतात: कमर, सीट आणि कमरेपासून टाचेपर्यंत उंची. ज्या चपला घालणार त्या घालून उंची घ्या. साडीला फॉल लावलेला असेल तर उसवून आणा, नाहीतर त्याचे वेगळे पैसे पडतील.’ दर, दिवस आणि मापं तुमची खरी घाला. एजन्सीचा लिहिणारा माणूस फॉल उसवायचं लिहील का? त्याला ते माहीतच नाही. गूगल गेली काही वर्षं घाऊक लिहिलेला, कुणाच्याच कामाचा नसलेला मजकूर खाली ढकलायच्या मागे लागलंय. २०२४च्या मार्चमध्ये त्यासाठीचे नियम आणखी कडक झाले. तुमच्या वहीतला मजकूर त्यात अडकायची शक्यताच नाही.

फोटो तुम्ही शिवलेल्या नऊवारीचेच टाका, गिऱ्हाइकाला विचारून. फोटोला पर्यायी मजकूर देण्याची सोय असते, तिथे ‘हिरवी पेशवाई नऊवारी, मागून काष्टा’ असं साधं वर्णन लिहा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवतो, आणि गूगललाही त्यावरून कळतं.

लोक शोधताना मराठीत ‘नऊवारी’ लिहितात, ‘नववारी’ लिहितात, आणि रोमन अक्षरांत तर चार-पाच तऱ्हांनी. ते सगळे प्रकार एका ओळीत कोंबून ठेवू नका. ‘नऊवारी दादर नऊवारी मुंबई स्वस्त नऊवारी’ असली भरताड गूगलच्या स्पॅमच्या यादीत मोडते. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवलेले शब्दही त्यातच. स्पेलिंगमधले फरक त्याला बऱ्यापैकी समजतात. त्याऐवजी मराठीचं पान वेगळं आणि इंग्रजीचं वेगळं करा, आणि दोन्ही माणसाने लिहिलेली असू द्या. प्रस्तावात ‘२०० कीवर्ड मेटा टॅग’ (पानाच्या कोडमध्ये आत लिहून ठेवायची शोधशब्दांची यादी) असं एक कलम दिसलं, त्याची मात्र मौज वाटली. तो टॅग नंबर ठरवताना आम्ही वापरत नाही, असं गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय.

खरं तर तुमच्या धंद्याला वेबसाइटच्याही आधी नकाशा लागतो. गूगलवर दुकानाची नोंद, म्हणजे बिझनेस प्रोफाइल, फुकट असते. तुमची नोंद आहे, पण कोणीतरी परस्पर केलेली, जुन्या फोन नंबरची. ती ‘माझी आहे’ म्हणून ताब्यात घ्या. बहुधा दुकानाचा व्हिडिओ काढून खात्री पटवावी लागेल. प्रकार ‘कपड्यांचं दुकान’ असा मोघम ठेवू नका, यादीत त्याहून जवळचा जो सापडेल तो निवडा. वेळा खऱ्या टाका. सोमवारी बंद असाल तर तसं लिहा, कारण कल्याणहून आलेली बाई बंद शटर पाहून परत गेली की ती आधी एक तारा देते आणि मग गाडी पकडते. दुकानाच्या नावात ‘बेस्ट नऊवारी दादर’ वगैरे जोडायचं नाही, पाटीवर आहे तेच नाव. अभिप्राय जरूर मागा, पण त्याबदल्यात सूट किंवा भेटवस्तू देऊ नका, ते नियमांत बसत नाही. वाईट अभिप्रायाला दोन ओळींत शांतपणे उत्तर द्या. ते त्या एका बाईपेक्षा पुढच्या पन्नास जणी वाचतात. आणि ‘गूगलमधून बोलतोय, तुमची नोंद बंद होणार आहे, इतके भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. ही नोंद ठेवायचे पैसे गूगल घेत नाही.

आता ते ५०० बॅकलिंक. दुसऱ्या साइटने आपल्याला दुवा देणं म्हणजे आपल्या बाजूने मत देणं, ही कल्पना गूगलच्या पायातच आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डला असताना तीच मांडली आणि १९९८ साली कंपनी काढली. मतं म्हटली की ती विकत घेणारे आलेच, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. गूगलने नंबर ठरवायच्या पद्धतीत २०१२ साली केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलानंतर असल्या दुव्यांवर जी कुऱ्हाड पडली, तिच्यात चांगल्या चालणाऱ्या साइटही झोपल्या. आजही विकतचे दुवे बहुतेक वेळा मोजलेच जात नाहीत, आणि कधी उलट अंगावर येतात. तुम्हाला पाच खरे दुवे पुरे. तुम्ही ज्या लावणी-नृत्याच्या क्लासला कपडे पुरवता त्यांची साइट, गिरगावच्या शोभायात्रेत ज्या पथकाने तुमच्या नऊवाऱ्या नेसल्या त्यांचं पान, लग्नाचे फोटो काढणाऱ्या त्या मुलीचा ब्लॉग. खरोखर काम केलेलं आहे, तर ‘आमचं नाव आणि दुवा द्याल का’ एवढं विचारायला लाजू नका.

वेळेचंही बोलायला हवं. ३० दिवस ही विकायची भाषा झाली. बदल केल्यापासून फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच्याच त्या सूचनेत आहे. तुमचा हंगाम पाडवा, गणपती आणि लग्नसराई. पाडव्याचं पान फाल्गुनात टाकून उपयोग नाही, ते दिवाळीच्या सुमारास तयार हवं. आणि त्या पानाच्या पत्त्यात साल घालू नका. पाडवा २०२५ साली ३० मार्चला होता, २०२६ साली १९ मार्चला. तारीख पानाच्या मजकुरात बदला, पत्ता दरवर्षी तोच ठेवा. नाहीतर वर्षभरात त्या पानाने मिळवलेली ओळख दर फाल्गुनात पुसून आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

हे सगळं जमतंय की नाही, हे पाहायला सर्च कन्सोल. गूगलचं आहे, मोफत आहे. कोणते शब्द टाकल्यावर तुम्ही दिसलात, किती जणींनी बोट ठेवलं, सरासरी कितव्या जागी होतात, हे सगळं त्यात मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. साइटमॅपही तिथेच द्यायचा. महिन्यातून एकदा, भाडं भरायच्या दिवशी म्हणा, मुलीला शेजारी बसवून बघा. रोज बघू नका, रोज खालीवर होतंच आणि उगाच जीव टांगणीला लागतो.

मग एजन्सी नकोच का? सरसकट तसं म्हणणार नाही. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की न्यू जर्सीहून एका मंडळाने बारा नऊवाऱ्या मागवल्या होत्या. उद्या तुम्ही परदेशी विक्रीत खरोखर उतरलात, दोनशे नमुने, डॉलरमधले दर, परतीचे नियम अशी मोठी साइट झाली, तर जाणत्या माणसाची मदत लागेल आणि ती स्वस्त मिळणार नाही. आज तुम्हाला हवी आहे एकदाची दुरुस्ती: दुवे, साइटमॅप, शीर्षकं, फोटो, युनिकोड, आणि पत्त्याआधी ‘सुरक्षित नाही’ असं जे दिसतं त्यासाठीचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र लेट्स एनक्रिप्ट नावाच्या संस्थेकडून फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला तसं सांगा. कामाची यादी लिहून दोघा-तिघांकडून दर मागवा. झाल्यावर काय बदललं ते लेखी घ्या. एजन्सीने ‘आता एआयचा जमाना आहे, त्याचा वेगळा एसईओ लागतो’ असं म्हटलं तर ऐकून घ्या. गूगलची एआयने लिहिलेली उत्तरं भारतात २०२४च्या ऑगस्टपासून दिसायला लागली आणि त्यामुळे काही साइटवर येणारी माणसं कमी झाली, हे खरं आहे. पण त्या उत्तरांत येण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, असं गूगलचं म्हणणं आहे. आणि पेशवाई म्हणजे काय हे एआयने सांगितलं तरी माप घ्यायला दुकानातच यावं लागतं.

पाडव्याच्या आधीचे तीन आठवडे हातात थोडे पैसे असतील तर दादरच्या आसपासपुरती गूगलची जाहिरात देऊन पाहा, रोजची मर्यादा ठरवून. त्याने साध्या निकालातला नंबर वाढत नाही, पण त्या आठवड्यांत फोन वाजतात.

मुलीचं चुकत नाही. इन्स्टाग्रामवर नऊवारी बघून हौस जागी होते, गूगलवर येते ती मुहूर्त ठरलेली बाई. तुम्हाला दोघी हव्यात. इन्स्टाग्राम तिच्याकडेच सोपवा आणि खात्यावर साइटचा दुवा ठेवायला सांगा. यजमानांना मात्र सांगा की साइट बंद करून वर्षाला वाचतील ते डोमेन आणि होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, थोडेसे पैसे. हवं तर चार महिन्यांची मुदत मागून घ्या. फोनवर येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ एवढं विचारून वहीत लिहा, आणि मुदत संपली की ती वहीच त्यांच्यापुढे ठेवा.

डोमेनचं शेवटी सांगते, पण करायचं ते सगळ्यात आधी. ते एजन्सीच्या खात्यात कदापि देऊ नका. करार फिसकटला तर नाव त्यांच्याकडे आणि तुम्ही दारोदार, असे प्रसंग बघण्यात आहेत. सध्या ते कोणाच्या नावावर आहे हेही आजच तपासा. माझा अंदाज आहे, साइट करणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असेल. गोडीने बोलून ते स्वतःच्या ईमेलवर आणि फोनवर करून घ्या, होस्टिंगचा पासवर्डही घ्या, आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत टळली की ते नाव दुसरं कोणीही घेऊ शकतं. एजन्सीला काम करायला जी परवानगी लागते ती सर्च कन्सोलमधून देता येते आणि काढूनही घेता येते.

ता.क. मध्ये तुम्ही विचारलंय, पुण्याच्या दुकानाशी गल्लत होते म्हणून साइटचं नाव बदलू का? शीर्षकात दादर आलं आणि नकाशावरची नोंद तुमच्या हातात आली की गल्लत बरीच कमी होईल, तोवर थांबा. तरीही बदललंत तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावून घ्या, आणि जुनं डोमेन निदान काही वर्षं भरत राहा. व्हिजिटिंग कार्डं आणि पिशव्या छापायच्या आत हे ठरवा. पत्रात लिहिलंय की पिशव्या संपत आल्या आहेत.